वामनरावांचा श्वास

आता हसू येतं, पण तेव्हा आमच्या इतवारीच्या गल्लीत आठ दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नव्हतं. गणपतीतल्या कॅरमची फायनल होती. आमचे शेजारी वामनराव गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला. पण कॅरममध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांची शेवटची एकच सोंगटी उरली होती, तीही भोकाच्या तोंडाशी. मला राहवेना. विचारलं, "भाऊजी, मारताना तुम्ही श्वास आत घेता का बाहेर सोडता?"

"कधी पाह्यलंच नाई, वहिनी," म्हणाले, आणि पाहायला लागले. श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, मग मारलं. सोंगटी जागच्या जागी आणि स्ट्रायकर भोकात! समोर खेळणाऱ्या, महाल वस्तीतल्या गड्यानं डाव संपवून कप नेला.

वामनरावांची बायको सगळ्यांसमोर ओरडली, "काहून विचारलं वं तू?"

पुढच्या वर्षी फायनलला पुन्हा तेच दोघं. मी मुकाट्यानं लांब बसले होते, तर वामनराव स्वतःच जवळ आले. हळूच म्हणाले, "वहिनी, तो महालचा गडी एकटाच चहा पिऊन राहिला. जा नं, त्याची जरा विचारपूस करा."