परत बोला

नेहरू नगरच्या दवाखान्यात माझ्यामागे एक जोडपं बसलं होतं.

“वंदना, आपला नंबर सातवा. परत बोल.”

“सातवा. काल दूधवाल्यालेबी ‘अर्धा लिटर’ परत बोलाले लावलं तुमी. तो आज आलाच नाही.”

“त्या दिवशी विमानतळाच्या टॉवरवरून मी पायलटले उंची सांगितली. तो अर्धंच परत बोलला अन् मी ‘बरोबर’ म्हटलं. दोन विमानं पार जवळ आली न.”

“पण वाचली न सारी? चौकशीबी संपली.”

“डॉक्टरनं फिट म्हणलं तर उद्यापासून ड्युटी.”

“मंग आयका. उद्या ड्युटीवर जायचं अन् भ्यायचं नाही. परत बोला.”

“उद्या ड्युटीवर जायचं.”

“पुढचं?”

“आपला नंबर लागला, चाल.”

“लागू द्या. अगोदर पूर्ण बोला.”