बिछान्यातलं झाड

...आणि वर तो कॉन्ट्रॅक्टर मलाच म्हणतो कसा, "ताई, हात लावायचा नाही!" अहो, घर माझं, खोली सासूबाईंची, पलंग सासूबाईंचा, त्या पलंगावर शेजाऱ्यांचं झाड आडवं पडलंय, चांगलं उशीवर डोकं ठेवून, आणि मी म्हणे त्याला हात लावायचा नाही! का? तर पुरावा आहे तो! तुम्हाला सांगते, त्या पलंगावर नुसतं टेकायची माझी कधी छाती झाली नाही आणि हे झाड... आमंत्रण नाही, काही नाही, थेट छप्पर फोडून आलं आणि ऐसपैस पसरलं!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई उगाच तणतणतेय. वादळाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात, सासूबाई आपल्या पलंगावर लवंडलेल्या. बाहेर वारा असा सुटलेला की दारं आपटतायत, खिडक्या थडथडतायत, आणि अशात मी त्यांना चहा नेऊन दिला. एक घोट घेतला आणि कप घेऊन तरातरा आल्या माझ्यामागे. "हा चहा? यात साखर घातलीस की साखरेची नुसती आठवण काढलीस?" मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय..." "डॉक्टर गेला खड्ड्यात!" आणि तेवढ्यात मागून असा धाडकन आवाज झाला म्हणता! जाऊन बघतो तर कौलं, वासे, धूळ, पानं, आणि जिथे आत्ता त्यांचं डोकं होतं तिथे माझ्या कमरेएवढी फांदी. आणि माझी कंबर काही बारीक नाही हो! मी त्यांचा हात धरला, असा घट्ट धरला. एवढी मी जन्मात कधी घाबरले नव्हते. त्या म्हणाल्या, "चहा गार झाला."

बरं, घराचा विमा होता. ह्यांनी आयुष्यात शहाणपणाची दोनच कामं केली, एक तो विमा, आणि दुसरं मी! म्हणून आला कॉन्ट्रॅक्टर. कानामागे पेन्सिल, कमरेला टेप. छपरावर चढला, ताडपत्री टाकली, खाली उतरला आणि म्हणाला, "ताई, विम्याचा सर्व्हेअर येऊन फोटो काढेपर्यंत हात लावायचा नाही! फांदी काढली की नुकसान गेलं. मग ते म्हणतील, कुठलं झाड?" मी म्हटलं, कधी येईल तो सर्व्हेअर? "येईल, ताई." कधी पण? "येईल की!" झालं! आम्ही आपले वाट बघतोय आणि झाड पलंगावर आराम करतंय. त्याची पानं वाळली, गादीत मुंग्या झाल्या, फांदीवर एक पक्षी येऊन बसायला लागला, मी झाडू घेऊन गेले की तोसुद्धा माझ्याकडे असं बघायचा, की हात लावायचा नाही!

आणि सासूबाई कुठे? हॉलमध्ये, सोफ्यावर. म्हणजे माझ्या येण्याजाण्याच्या बरोब्बर मधोमध. "काय गं, आत्ता भाजी चिरतेस?" "काय गं, दाराशी कोण होतं?" "काय गं, एवढा वेळ फोनवर?" पण ते मी सोसलं. जे नाही सोसवलं ते सांगते. नणंदेचा फोन आला. "वहिनी, आईला मी आता कायमची घेऊन जाते. तुमच्याकडे तिला धड खोलीसुद्धा राहिली नाही." कायमची! आता तुम्ही म्हणाल, बरंच झालं की, सुटलीस! खबरदार कुणी असं म्हटलं तर! भांडते मी त्यांच्याशी, रोज भांडते, पण ते आमचं आम्ही बघून घेऊ ना! मी सांगून टाकलं, "ताई, तुम्ही गाडी घेऊन याल तेव्हा आईंची खोली उभी असेल, आणि नसली तर खुशाल न्या." बोलून तर बसले, आणि छपराला हे एवढं भगदाड!

म्हणून कॉन्ट्रॅक्टरच्या मागे लागले. तर हा काय म्हणाला असेल? हळूच, आजूबाजूला बघून, "ताई, मी काय म्हणतो, हॉलचं छप्पर पण जरासं सैल करून ठेवू का? सगळं एकदमच होऊन जाईल." मी म्हटलं, "वादळाने पाडलं तेवढं मला पुरे आहे! माझ्या चांगल्या छपराला..." आणि तुम्हाला सांगते, काय समाधान वाटलं म्हणून सांगू, "...हात लावायचा नाही!"

शेवटी एकदाचा निरोप आला, सर्व्हेअर उद्या सकाळी येणार. रात्रभर पाऊस होता, सकाळी थांबला. मी म्हटलं, माणूस येणार, घरात दूध नाही, चटकन जाऊन येते. दुकानात दूध यायलाच दोन तास लागले हो! फाटकाशीच सर्व्हेअर आणि कॉन्ट्रॅक्टर भेटले, त्यांना घेऊन मोठ्या तोऱ्यात खोलीचं दार उघडलं आणि...

झाड नाही!

पलंगावर नवी चादर. फरशी पुसलेली, चकचकीत. स्टुलावर फुलदाणी! आणि वर, भगदाडाच्या खाली, माझी, माझी हो, कपाटातली फुलाफुलांची चादर, इस्त्री करून, चारही बाजूंनी खिळे ठोकून ताणून बसवलेली. कोपऱ्यात हे उभे, हातात करवत, अंगभर भुसा. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. "अगं, आई म्हणाली..." आणि आई? ठेवणीतलं पातळ नेसून खुर्चीत बसलेल्या! "परका माणूस घरात येणार आणि बिछान्यात झाड? लोक काय म्हणतील?"

सर्व्हेअरने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "नुकसान... कुठे झालंय?" मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई, "छे हो, नुकसान कसलं! देवाच्या दयेने आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे. चहा घेणार ना?" कॉन्ट्रॅक्टर उंबऱ्यातच मटकन खाली बसला. सर्व्हेअर म्हणाला, "छान ठेवलंय हो घर," आणि फोन खिशात ठेवायला लागला!

माझ्या डोळ्यांपुढे काय आलं सांगू? नणंदेची गाडी. तिच्या मागच्या सीटवर सासूबाईंची बॅग. आणि मग मी काही विचार केला नाही. फरशी पुसायचा दांडा उचलला आणि वरची चादर एका फटक्यात ओढली. खिळे उडाले, कौलांचे तुकडे पडले, पानं पडली, मोडका वासा लोंबायला लागला. आणि वर बघते तर काय, इतके दिवस ती ताडपत्री फांदीनेच टेकून धरली होती! ह्यांनी फांदी कापली, ताडपत्री गेली खाली, आणि रात्रभर तिच्या कडेच्या घड्यांत साठलेला सगळा पाऊस मधोमध उतरून हे एवढं मोठं पोट लोंबतंय, बरोब्बर सर्व्हेअरच्या डोक्यावर. हे ओरडले, "अगं, नको!" आता मला नको म्हणायचं म्हणजे... मी खुपसला दांडा!

काय सांगू तुम्हाला! सर्व्हेअर नखशिखान्त ओला, पलंग चिंब, फुलदाणी वाहून गेली. तो बिचारा गडबडून अंगावरची पानं झटकायला लागला, तशी मी ओरडले, "हात लावायचा नाही! आधी फोटो काढा!" आणि काढले हो त्याने, डोक्यावर पानं तशीच ठेवून काढले! मी मागच्या अंगणातून फांदीचे ओंडके उचलून आणले, एकेक करून त्याच्यापुढे मांडले, म्हटलं, हे घ्या झाड, मोजा! "मॅडम, नैसर्गिक आपत्ती म्हणून लिहितो," तो म्हणाला. कॉन्ट्रॅक्टर माझ्याकडे बघत पुटपुटला, "साहेब, कुठली?"

झाला क्लेम मंजूर! खोली उभी राहिली. नवीन वासे, नवीन कौलं. नणंद आली, गाडी घेऊन आली, खोलीत उभी राहून वर बघत राहिली. सासूबाईंनी तिला बसायलासुद्धा सांगितलं नाही. म्हणाल्या, "नीट जा घरी," आणि पलंगावर जाऊन पडल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि... कांदा चिरत होते हो, दुसरं काही नाही.

फक्त एकच झालं. शेजाऱ्यांचं झाड अजून तिथेच आहे, आणि त्याची दुसरी फांदी बरोब्बर त्या पलंगावर रोखलेली. मी म्हटलं, "आई, पलंग जरा त्या भिंतीकडे सरकवू या?" तर पडल्यापडल्या, डोळेसुद्धा न उघडता, "माझ्या पलंगाला हात लावायचा नाही!"

आता बोला! मग मी तरी काय करणार? आभाळ भरून आलं, वारा सुटला, की मुकाट्याने चहा करते... आणि साखर घालतच नाही.