तोआ पायोहचा शनिवार

"वन्स मोअर!" हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो नाटक कंपनीत पडदा ओढायचो तेव्हा. तो आला, की नट कितीही दमलेला असो, पद पुन्हा म्हणायचा. न म्हटलं, तर लोक माज समजायचे.

तर, दोन हजार चौदाच्या आसपास मी सिंगापूरला मुलाकडे गेलो होतो. आमचा निखिल ऑफिस सांभाळून एका बँडमध्ये बँजो वाजवायचा. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातलं संगीत ते नव्या तऱ्हेनं वाजवायचे. एकेक गाणं दहा मिनिटांचं. तीन वर्षांत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. शेवटी तोआ पायोह भागातल्या एका कॅफेनं अर्धा तास दिला. पसंत पडले, तर दर शनिवार त्यांचा.

निखिल म्हणाला, "बाबा, आवडलं तर जोरात दाद द्या. मालकीण बघत असते."

पहिलं गाणं संपलं. मी उभा राहून ओरडलो, "वन्स मोअर!"

व्हायोलिनवाल्या मेईनं विचारलं, "पुन्हा तेच?"

"माझे वडील आहेत," निखिल म्हणाला.

पुन्हा वाजवलं. फारच छान झालं, म्हणून मी परत ओरडलो.

तिसऱ्यांदा संपलं तेव्हा मालकीण घड्याळ दाखवत आली. "वेळ संपली, लाह," ती तिथल्या लकबीत म्हणाली. "तुम्हाला एकच गाणं येतं?"

शनिवार दुसऱ्या बँडला गेला. बाहेर आल्यावर मी निखिलच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "दुसऱ्यांदा जास्त रंगलं होतं, बाळा."

त्यानं बँजो खांद्याला अडकवला आणि एमआरटीच्या मेट्रो स्टेशनकडे चालू लागला.