मुख्य मुक्काम

—हसू नका ताई, हसलेला फोटो चालत नाही त्यांना. ओठ मिटलेले हवेत, दोन्ही कान दिसायला हवेत, चष्मा काढून त्या स्टुलावर—हां, ठेवा तिथेच, मी नाही बसत त्याच्यावर. हनुवटी जरा खाली. एवढी नको, गुन्हा कबूल केल्यासारखी वाटते. आता ठीक. तर तुम्ही विचारत होतात, व्हिएन्ना की ब्रातिस्लाव्हा, आणि मी आपला या दिव्याशी झटापट करत बसलो. चूक माझीच. मीच मघाशी फुशारकी मारली ना, की दोन्ही बघितलीत म्हणून. बघितलीत म्हणजे—एक बघितलं, दुसऱ्याच्या विमानतळावर उभा होतो. पण दोन्हींबद्दल इतकी वर्षं फोनवर ऐकलंय की डोळे मिटून रस्ता सांगेन. डोळे मिटलेत तुम्ही. पुन्हा घेतो.

दोन देशांच्या राजधान्या, पण मध्ये जेमतेम तासाची गाडी. आपण तासाभरात ऑफिसात पोचत नाही. नदीसुद्धा एकच, आधी इकडून जाते, मग तिकडे. व्हिएन्ना म्हणजे ऐसपैस, सगळ्या इमारती आत्ताच इस्त्री करून आणल्यासारख्या. ब्रातिस्लाव्हा लहान, पायी संपतं. टेकडीवर किल्ला आहे, चार कोपऱ्यांना चार बुरूज, उलटं ठेवलेलं टेबल जसं—हे माझं नाही, तिथले लोकच म्हणतात. तुमचे चार दिवस आहेत ना? मग दोन इथे, दोन तिथे, भांडण मिटलं. सगळे तेच करतात. मला ते जमलं नाही, ती गोष्ट वेगळी.

का म्हणजे? मुली आहेत ना माझ्या. थोरली व्हिएन्नात, प्रयोगशाळेत कामाला. धाकटी ब्रातिस्लाव्हात. तिच्या मागोमाग गेली ती, लहानपणापासून तसंच—थोरलीने पेन्सिल घेतली की हिला पेन्सिल, थोरलीला ताप आला की हिलाही पाहिजे. तीन वर्षं दर रविवारी भेटायच्या. एकदा ही तासभर गाडीत बसायची, एकदा ती. आता पाच वर्षं झाली, एकमेकींशी बोलत नाहीत. एक शब्द नाही. बसा तुम्ही, झाला फोटो. प्रिंटर तापायला दहा मिनिटं घेतो, म्हातारा झालाय, माझ्यासारखाच. खुर्ची घ्या—ती नको, तिचा पाय हलतो.

काही वाटणीबिटणीचं नाही हो, वाटायला आहे काय, हा पडदा आणि दोन दिवे. ही आजारी पडली. ही म्हणजे आमची ही, मुलींची आई. सात आठवडे. इस्पितळात आठव्या मजल्यावर खोली होती, खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसायचे, ती त्यातले सॉक्स मोजायची, विषम निघाले की वैतागायची. मी थोरलीला कळवलं, ती तिसऱ्या दिवशी हजर. धाकटीची शेवटची परीक्षा होती. दोन वर्षांचा अभ्यास, बारा दिवसांत पेपर. म्हटलं, कशाला. होऊ देत पेपर, मग सांगू. डॉक्टरही म्हणत होते की अजून महिनाभर तरी—असं म्हणाले होते ते, मी मनाचं सांगत नाही. तेव्हा तिला सांगितलं की आईचा घसा बसलाय, बोलायला मनाई आहे. आणि थोरली कामाच्या प्रशिक्षणाला गेलीये. हे असलं सुचायला डोकं लागतं, थोरलीला सुचलं नसतं.

ही विचारायची, धाकटी कुठे आहे. मी सांगायचो, विमानात. सहा दिवस ती विमानातच होती.

गुरुवारी गेली ही. सकाळी, चहाच्या वेळेला. धाकटीचा शेवटचा पेपर सोमवारी होता. ताई, मी सोमवारपर्यंत थांबलो. आता एवढं झालंच आहे तर आणखी चार दिवसांनी काय होतं, असा विचार केला. विचार केला म्हणजे काय—माणूस त्या दिवसांत विचार करत नाही, बिलं भरतो, सह्या करतो, कोणी पाणी दिलं की पितो. सोमवारी फोन केला, बुधवारी ती आली. तोवर सगळं उरकलं होतं. अंथरूणसुद्धा धुऊन वाळलं होतं.

इथेच, वरच्या मजल्यावर राहतो आम्ही—राहतो मी. तिने बॅग खाली ठेवली नाही. दारातच उभी राहून विचारलं, मला कळवायचं नाही हे कोणी ठरवलं? आवाज चढवला नाही, काही नाही, तुम्ही मला फोटो किती वेळात मिळेल विचारलंत ना, तसंच विचारलं. माझ्या हातात पाण्याचा पेला होता. थोरलीने माझ्याकडे बघितलं. मी पेल्याकडे बघितलं. किती वेळ गेला असेल? तीन सेकंद. शटर उघडून मिटायला त्याहून कमी वेळ लागतो, तीन सेकंद म्हणजे पुष्कळ झाले. मग थोरली म्हणाली, मी. मी ठरवलं.

आणि मी पाणी प्यायलो.

घ्या, लागला प्रिंटर. आवाजाला घाबरू नका, तो खोकतो आधी.

नंतर सांगता आलं असतं, कबूल आहे. आधी म्हटलं, निवळू दे. मग म्हटलं, पत्र लिहावं. मग दोन वर्षं माझा गुडघाच दुखत होता. दोघी बोलवायच्या, या बाबा, या बाबा. पण धाकटीची अट होती. तिच्याकडे एक रात्र जरी राहिलात तर माझ्याकडे यायचं नाही. लहान असताना जेवायला बसायच्या जागेवरून अशीच अट घालायची. आणि तो व्हिसाचा अर्ज—तुम्ही भरलात का? भराल. त्यात विचारतात, मुख्य मुक्काम कुठे. व्हिसा दोन्हीकडे एकच चालतो, पण ज्या देशात जास्त रात्री, त्याच्या वकिलातीत अर्ज. आयुष्यभर मी लोकांना तो रकाना समजावून सांगितलाय, आणि माझ्या अर्जावर तो आठ दिवस कोरा होता. शेवटी धाकटीचा देश लिहिला. थोरलीला फोन करून सांगितलं, या वेळी तिच्याकडे जातो, लहान आहे, समजून घे. ती म्हणाली, बरं. लोकांना वाटतं मी धाकटीचे लाड करतो. तसं नाहीये. थोरलीच्या घरी गेलो असतो तर दोन आठवडे ती माझ्यासमोर बसून जेवली असती.

विमान मात्र व्हिएन्नालाच उतरतं, तिथून पुढे बसने जायचं. बाहेर आलो तर धाकटी उभी, आणि वीस पावलांवर थोरली. ती का आली, मी बोलावलं नव्हतं. हातात एक कोट. म्हणाली, तिकडे नदीवरून वारा येतो, तुमचा हा पातळ आहे. मला घालून दिला, बटणं लावली. धाकटी बसच्या वेळापत्रकाकडे बघत होती, सगळं पाठ असून. मग आम्ही तिघं थांब्यावर उभे. हाताच्या अंतरावर दोघी, मध्ये मी. आता सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. तोंड उघडलं मी. आणि काय बोललो माहितीये? म्हटलं, तिकिटं दोन काढलीस की तीन? धाकटी म्हणाली, दोन. थोरली म्हणाली, जा बाबा, बस आली. खिडकीतून बघितलं नाही मी. म्हणजे बघितलं, पण ती पाठमोरी झाली होती.

चौदा रात्री राहिलो. चांगलं ठेवलं तिने मला. किल्ला दाखवला, नदीकाठच्या बाकांवर बसवलं, रोज संध्याकाळी पाय शेकायला गरम पाणी. नववा दिवस असेल, भांडी घासता घासता ती म्हणाली, बाबा, ते तुमच्या हातात असतं तर तुम्ही मला बोलावलं असतंत ना? कापड माझ्या हातात होतं. एक ताटली पुसून झाली, दुसरी घेतली. म्हटलं, असतं.

एवढंच. असतं म्हटलं. ती म्हणाली, मला माहीत होतं. आणि त्या रात्री म्हणे पाच वर्षांत पहिल्यांदा नीट झोपली. मग आता काय करता? झोपू द्यावं ना माणसाला?

थांबा, कापून देतो. हे कटर हाताचं आहे, पण रेष सरळ जाते. सहा प्रती. कडा धरा, मधे बोट लावू नका, ओलसर आहे अजून.

गेल्या महिन्यात थोरलीचा फोन होता. ती कधी मागत नाही काही. म्हणाली, बाबा, मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिला आई नाही, वडील तरी राहू देत. पण मला एकदा, फक्त मला, फोनवर म्हणा, की ते मी ठरवलं नव्हतं. कोणीतरी एकदा म्हणायला हवं, नाहीतर मलाच आता वाटायला लागलंय की मीच ठरवलं होतं.

मी म्हटलं, आवाज तुटतोय तुझा.

तुटत नव्हता. शेजारी बसून बोलल्यासारखा येत होता. ती म्हणाली, बरं बाबा, जेवून घ्या.

बघताय काय अशा? फोटो केव्हाच निघालाय. चष्मा घ्या तो. आणि जाताना दार ओढून घ्या, बाहेर माणसं खोळंबलीयेत.