अकरा नंबरच्या रेकॉर्डीतला रडणारा

—रडणारा? कोणता रडणारा? नाई बापू, त्या रेकॉर्डीत कोणी रडत नाई, तुहा काहीतरी गैरसमज झाला— बस, बस आधी. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हालते, खुर्ची घे. सेवाग्रामहून सायकलनं आला? या उन्हात? डॉक्टर होऊन राह्यला अन् डोक्याले दुपट्टा नाई! उद्या लोकं तुह्या हातात जीव देणार, अन् तू असा. पाणी पे. हं. तर काय म्हणत होता— ती अकरा नंबरची रेकॉर्ड, जिच्या कव्हरावर नुसतं अर्धं उघडं दार हाये, तिच्या शेवटच्या गाण्यात मध्येच एक माणूस रडते. अन् तुमच्या होस्टेलच्या पोट्ट्यायले नेमकं तेच आवडलं. अन् तुले आणखी तीन कॉप्या पाहिजेत, अन् तिन्हीत तो रडणारा पाहिजे. वा रे वा! खादीचा कुडता घालाचा, सकाळी उठून प्रार्थना म्हणाची, सूत काताचं, अन् मंग खोलीचं दार लावून हे ऐकाचं. अन् त्याच्यातही गाणं नाई आवडलं, गाणाऱ्याचं रडणं आवडलं!

काय? तुह्या दोस्तानं मुंबईहून तीच रेकॉर्ड आणली, अन् त्याच्यात तो रडणारा नाई? नसन मंग. विलायतेत दोन-दोन प्रकारच्या छापते ते लोकं, एक रडणारी, एक बिनारडणारी— मले काय विचारतो, मी काय तिकडे छापाले गेलतो? माह्यापाशी जशी आली तशी उतरवून देल्ली. कोकिळा रेकॉर्डिंगमधून आजपर्यंत एक कॅसेट वापस आली नाई, विचारून ये बसस्टँडवर कोणालेही. कोकिळा म्हंजे माही बायको, वारली ती— ते जाऊ दे. धंदा कसा असते सांगतो. किराणावाल्याले साखर खाऊन विका लागत नाई. पण पंचेचाळीस मिनिटाची रेकॉर्ड कॅसेटवर उतरवाले पंचेचाळीस मिनिटंच लागते, तेवढा वेळ इथं बसून ऐका लागते, सुई अटकते, आवाजाचा काटा लालवर जाते, पाहा लागते. म्हणून या तुमच्या काळ्या रेकॉर्डी मी अकराच्या अकरा पहिल्या सुईपासून शेवटपर्यंत ऐकल्या हायेत. हौस नाई. शिक्षा हाये ती.

अन् नुसत्या ऐकल्या नाई, लिहून ठेवल्या. ही वही पाह्य. अभिप्राय-वही. वाचतो थांब, चष्मा— हं. ‘क्रमांक एक. कव्हरावर घोड्याची कवटी. गाणारा सुरुवातीपासून जो ओरडतो तो शेवटपर्यंत दम घेत नाही. मागून ढोल असा की जिनिंगचा पट्टा तुटला असावा. पोट भरलेल्या माणसाचे ओरडणे.’ बरोबर हाये का नाई? उपाशी माणसात एवढा जोर असते का! ‘क्रमांक चार. सुरुवातीस घंटा, पाऊस, कावळा. तीन मिनिटे हेच. नंतर गिटार आली तेव्हा कावळा बरा होता असे वाटले.’ हसू नको, मी तोलून लिहिलं हाये. ‘क्रमांक सहा. अतिशय संथ. गायकास मरावयाचे आहे असे तो सात वेळा म्हणतो’— मले इंग्रजी येत नाई, पण आमच्या शेजारी पोस्टातले प्रभाकरराव राह्यते, त्यायले बसवून घेतलतं, ते मोजून राह्यले होते— ‘सात वेळा म्हणतो, आणि दुसऱ्या बाजूस पुन्हा ताजातवाना होऊन गातो.’ अन् हे नऊ नंबर, कव्हरावर चार जण कबरस्तानात उभे, केस इथपर्यंत, अन् चौघायचे बूट पाह्य कसे पॉलिशचे! मयतीले कोणी पॉलिश करून जाते का?

काऊन लिहितो म्हंजे? सवय. माणसानं ऐकलं तर मत पाहिजे. अन् वहीत लिहून मंग कार्डावर उतरवतो, टाकतो पोस्टात— कोणाले म्हंजे, ज्याची रेकॉर्ड त्याले. मी काय या विकत आणल्या समजला का? माह्या पोरीकडून येते. वास्कोहून. नलू माही. नागपूरले नर्सिंगले टाकलती, तर तिथं एका हॉटेलात गिटार वाजवणारा पोट्टा भेटला, गोव्याचा, क्रिस्ताव, अन् केलं लग्न. मी नाई गेलो. येजो नोको म्हणून सांगलं तिले. पाच वर्षं झाली. तो गिटारवाला मंग जहाजावर लागला, तो या देशोदेशीहून आणे रेकॉर्डी, अन् पहिलं पार्सल आलं तवा आत एक चिठ्ठी— बाबा, तुमचा जावई हे ऐकतो, कसं आहे ते सांगा. मी सांगलं! घोड्याची कवटी मी अशी झोडपली का विचारू नको. वाटलं, आता बंद होइन. तर तीन महिन्यानं दुसरी आली. चिठ्ठी नाई, काही नाई, नुसती रेकॉर्ड. मी पुन्हा झोडपली. तिसरी आली. असं चाललं. ती ‘कसे आहात’ नाई विचारत, मी ‘कशी हायेस’ नाई विचारत. रेकॉर्ड येते, कार्ड जाते. बरं हाये ते. भांडण नाई अन् काही नाई.

हं, तर मुद्द्याची गोष्ट. तुमाले रडणं समजत नाई, डॉक्टर. राग नोको धरू. बत्तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली मी, पवनारपासून जामपर्यंत कोणाच्या मयतीले गेलो नाई ते विचार. दहाव्याले, तेराव्याले, समोर बायका बसलेल्या, अन् मी पेटीवर. मले ठाऊक हाये कोण रडते अन् कोण गळा काढते. गळा काढणारा लयीत राह्यते. सम आली का बरोबर हुंदका देते. खरं रडणाऱ्याले सम नाई, ताल नाई, ते कुठंही येते, नाक वाहते, खोकला येते, मधातच कोणाले तरी म्हणते का गाय सोडली का रे. गाण्यात बसतच नाई ते. म्हणून म्हणतो, या अकराही रेकॉर्डीत एकही—

काय म्हणाला?

तेच आवडलं म्हणतो. का बाकी सगळं तालात हाये, अन् तो रडणारा तालात नाई. मध्येच खोकलते. हं.

आण ती कॅसेट. हाये ना खिशात? आण इकडे. एवढं बोलून राह्यला तर ऐकतो मी. दुसरी बाजू... फिरवू दे पुढं... गाणं सुरू झालं हे. हा ऑर्गन. ऐक, इथपर्यंत कसं साफ हाये. अन् इथं— खट्. ऐकलं? अन् आता आवाज लांब गेला, गाणं म्हंजे बाजूच्या खोलीत गेलं. अन् हे घर्र घर्र? विलायतेत मशीन चालू ठेवून गाते का कोणी? कूलर हाये तो. हा, हाच, तुह्या मागचा. अन् हा बसचा हॉर्न! एवढे शिकलेले तुम्ही, माणसाचं काळीज कापून पाहता, अन् तुमाले आर्वीच्या गाडीचा हॉर्न समजला नाई! वायर निसटली होती, बापू. रेकॉर्ड प्लेयरची वायर निघाली का या डेकचा आपला माइक चालू होते, खोलीत जे असन ते घेते. नवशिक्याची चूक. मी सोळा वर्षांत नाई केली कधी. मी उठलो घाईनं अन् पाय—

बोलण्याचाही आवाज आला का? काय बोललो मी— म्हंजे काय बोलते तो?

‘नलू’ म्हणते.

तुमाले वाटलं, गाण्यातल्या बाईचं नाव असन. 

बंद कर ते. बंद कर म्हणतो ना! ... हं. असू दे. तुह्यानं नाई झालं, मीच बंद केलं.

तूच म्हणालता, आठवते का, का काका, कव्हरात गाण्याच्या शब्दाचा कागद असते, असन तर काढून ठेवजो. म्हणून दुसरी बाजू संपत आलती तवा मी कव्हरात हात घातला. रेकॉर्ड तिच्या कागदी पिशवीसकट सरकून येते, कव्हरात खाली काही चिकटलं असन तर दिसत नाई. अर्धं शटर खाली होतं, दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाई. कागद निघाला. पण इंग्रजी नव्हता. नलूचं अक्षर. त्या पहिल्या चिठ्ठीनंतर आत्ता पाह्यलं. लिहिलं होतं— पाठ हाये मले, वाचा लागत नाई— ‘बाबा, हे यांनी आणलेलं शेवटचं. जहाजावरच ताप आला, किनाऱ्याला यायच्या आधीच गेले. सामान आलं त्यात तुमच्या नावाची ही रेकॉर्ड वेगळी बांधून ठेवलेली होती. तुमची दहाही कार्डं त्यांच्या ट्रंकेत सापडली. ती मी कोकणीत सांगायची, ते जहाजावर सगळ्यांना म्हणून दाखवायचे. म्हणायचे, म्हाताऱ्याचे कान खरे आहेत. एकदा घेऊन चल मला. मी म्हणायची, ते बोलावतील तेव्हा.’

चल म्हणे मले घेऊन. अन् मी त्याले गिटारवाला म्हणतो. इनास नाव होतं त्याचं. आज पहिल्यांदा तोंडातून निघालं पाह्य, अन् तेही तुह्यासमोर.

पण ते नाई. माणूस मरते, बत्तीस वर्षं पाह्यलं मी. ते नाई मी सांगून राह्यलो. ती रेकॉर्ड आलती संक्रांतीच्या मागंपुढं. अन् तू आला मे महिन्यात. चार महिने ती चिठ्ठी कव्हरात चिकटून होती, अन् मी— अकराच्या अकरा ऐकल्या म्हणालो ना तुले? खोटं. अकरावी आली तवा नाई ऐकली. दोन मिनिटं ऐकली. बंडूजी टेलर पानठेल्यावर बोलवाले आलता, म्हणून उचलली सुई, अन् तिथंच उभ्या-उभ्या कार्ड लिहून पोस्टाच्या डब्यात टाकलं. वाचतो. वहीत हाये. ‘क्रमांक अकरा. याचे कोणीही मेलेले नाही. उगाच गळा काढतो. पूर्ण ऐकले नाही.’

गेलं ते कार्ड. पोचलं. वास्कोले पोचलं ते. कुंकू पुसलेल्या पोरीले बापाचं कार्ड— याचे कोणीही मेलेले नाही. अन् तिले कसं कळणार का मी चिठ्ठी पाह्यलीच नाई? ती समजली असन का बापानं वाचून लिहिलं. वाचून! चार महिन्यांत तिकडून काही नाई. मी म्हणत होतो, जहाज लांब गेलं असन.

लिही म्हणतो तू? बारा कार्डं आणली होती, डॉक्टर. बाराही फाडली. ‘चि. नलूस’ लिहितो अन् पुढं हात येत नाई. घोड्याच्या कवटीवर दोन पानं लिहिता येते मले, अन् इथं एक ओळ नाई. काय लिहू, चुकलो? कार्डावर चुकलो लिहिलं तर तेही अभिप्रायासारखंच दिसते, क्रमांक बारा. अन् पाकीट पाठवलं तरी माह्यं अक्षर पाहून ती उघडूनही नाई पाहणार आता. मी असतो तर नसतं पाह्यलं.

...

थांब. उठू नको. इंग्रजी अक्षर कसं हाये तुहं? डॉक्टरचं म्हंजे किड्या-मुंग्याच असन, पण पत्त्यापुरतं नीट काढ. हा पुठ्ठा घे. हा दोरा. हे तिच्या पार्सलावरचं कव्हर, हा तिचा पत्ता, जसाच्या तसा उतरव, अन् पाठवणाऱ्याच्या जागी तुहं नाव टाक— होस्टेल, सेवाग्राम, काय असन ते. अनोळखी नावाचं पार्सल ती उघडून पाहणार. नर्स हाये, मेडिकलच्या होस्टेलचं नाव पाहून तर पाहणारच.

अन् ही कॅसेट राहू दे माह्यापाशी. तुले उद्या नवीन देतो उतरवून, साफ, वायर घट्ट बसवून, रडणाऱ्याशिवाय. मनासारखी नाई लागणार तुमाले, माहीत हाये मले. पाह्य, हे मागचे दोन दात असते ना कॅसेटचे, हे मोडले का मंग तिच्यावर दुसरं काही चढत नाई. हा एक. हा दुसरा. झालं.

चिठ्ठी? नाई, चिठ्ठी नाई टाकत आत. शेवटचं गाणं ऐकलं का तिले समजते. न समजो तर न समजो.

झाला लिहून पत्ता? दाखव. हं, बरा हाये. पाच वाजायच्या आत पोस्ट बंद होते, प्रभाकररावच्या हातातच देऊन येतो. तू निघ आता. डोक्याले तो माहा दुपट्टा बांधून जाय, उद्या आणून देजो. अन् त्या पोट्ट्यायले सांगजो तुह्या— तीन कॉप्या नाई, एकही नाई. त्या रडणाऱ्याची कॉपी निघत नाई. सांगजो नीट. चाल, हो बाहेर, शटर पाडू दे.