बर्फातल्या काचा

तुम्ही हसाल, पण आमच्या रेवसच्या पांडूकाकांनी एकदा माझ्या काचा बर्फात घातल्या. मी तिथला जनावरांचा डॉक्टर. काकांच्या खंड्या कुत्र्याला जबड्याखाली गाठी आलेल्या. सुईने पेशी काढून मी काचांवर पसरल्या आणि म्हणालो, "लाँचने मुंबईच्या लॅबला पोचवा, खराब होऊ देऊ नका." त्यांनी मासळीसारख्या बर्फात नेल्या. ओल लागून पेशी फुटल्या.

दुसऱ्या खेपेला काचा सदऱ्याच्या खिशात होत्या आणि वर काकांचा हात. निदान आलं लिम्फोमाचं, म्हणजे गाठींच्या कॅन्सरचं, पण औषधाला दाद देणाऱ्या प्रकाराचं.

"वर्षभर काढेल कदाचित," मी म्हणालो.

परवा सकाळी धुक्यातून त्यांची होडी तरंगत धक्क्याला लागली. बर्फाच्या पेटीत खंड्या घोरत झोपलेला.

"काका, बर्फ कुठाय? मासळी नासेल."

"नासूं दे. म्हावरा उद्या पन गावेल."