चौकटीतलं सोनपाखरू

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष गोदूबाई, स्टेजवर बसलेल्या सरपंच संजीवनीताई, जांभूळ गावच्या आमच्या बचत गटाच्या सगळ्या बायका आणि आत यायला लाजून दारात उभे असलेले पुरुष, सगळ्यांना सगुणाबाईचा नमस्कार.

आज निरोप द्यायचाय तो शलाकाला. ती माझी सून. माझा सुजित जाऊन तीन वर्षं झाली. रविवारी शलाकाचं शिरगावच्या अभिजीतशी लग्न आहे. गटाचं मसाल्याचं काम हिनं कसं उभं केलं ते तुम्ही बोललातच. मी घरातलं बोलते. आज सकाळी हिनं भरलेली बॅग रिकामी केली. म्हणते, "आई, तुम्हाला टाकून मी नाय जात." अभिजीत, तोंड काय पाडतोस? ऐक पुढं.

मागल्या महिन्यात आमच्या दाराच्या चौकटीतून भुसा पडायला लागला. मी ओरडले, वाळवी! औषधाची बाटली काढली. ही म्हणाली, "आई, थांबा हो. वाळवी असती तर माती नसती का दिसली?" दोन दिवसांनी भोकातून हिरवंगार, चकचकीत सोनपाखरू बाहेर आलं. महिपती सुतार म्हणाला, त्याची अळी आधीपासून लाकडात होती, वर्षानुवर्षं खात बसलेली.

म्हणजे लाकूड दोघंही खातात, काळोखातच. मग फरक काय? वाळवी सगळी मिळून खाते आणि सोडत नाय. वरून चौकट धड, आतून माती. सुजित गेल्यापासून आमच्या घरात दुःखाचं हेच चाललंय, बायांनो! ही जेवली नाय की मी जेवत नाय, मी रडले की ही रडते. सोनपाखरू वेळ झाली तसं निघालं. भोक राहिलं. महिपती लांबी भरून ते बुजवायला आला, मी म्हटलं, राहू दे.

शलाका, कन्यादान मी आणि तुझे सासरे करणार. त्यांनी नवा सदराही शिवलाय, मला न विचारता. शिरगाव काय परदेश नाय. माहेरी येतात तशी ये, नवऱ्याची तक्रार घेऊन.

आणि बायांनो, तीन वर्षं हळदीकुंकवाला तुम्ही हिला मागं बसवलंत. एकीनंही हिची ओटी भरली नाय.

अध्यक्षबाईंनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, उपकार झाले. माझ्या तोंडाला लगाम नाय. कोणाला लागलं असेल तर पोटात घाला.

शलाका, वर ये. ओटी मी भरते. रडायचं नंतर, आधी पदर धर.